दोष तेलाचा नव्हता

व्यंकटभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते आमच्या मोशीच्या सोसायटीत, पाण्याच्या पंपापाशी. सकाळची वेळ होती. पंप खडखडत होता आणि आमचे सेक्रेटरी भाऊंना गळ घालत होते, "भाऊ, हात लावू नका, नुसतं ऐका आणि बेअरिंग गेलंय का ते सांगा." चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर म्हणून उभी हयात काढलेला माणूस! एरवी कोणी विचारायच्या आत स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून बसला असता. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बलवा की. आता माझा मलाच भरोसा न्हाई." सेक्रेटरी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मला ठाऊक होतं की ती थट्टा नाही. तो भरोसा कोणी घालवला तेही ठाऊक होतं. मी मान खाली घालून कंपनीच्या कॅबकडे चालू लागलो. चौथ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना भाऊंच्या पत्नी मंगलवहिनींचा फोन आला... भाऊ आंघोळ करून आले, खुर्चीत टेकले आणि गेले.

आमची दारं समोरासमोर. ते लातूरकडून कामासाठी आलेले, मी सॉफ्टवेअरवाला. पण भाऊंना त्याचं काही नसे. एकदा आमच्या दारावरून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "अविनाशराव, तुमचं धुण्याचं मशीन दिवाळी बघत न्हाई बगा." कपडे व्यवस्थित धुतले जात होते. माझी बायको म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमच्या मशीनला नजर लावताय." दसऱ्यालाच मशीन बंद पडलं आणि भाऊ आतला खिळखिळा झालेला भाग मुठीत घेऊन तिच्यापुढे उभे राहिले, "वहिनी, ही बगा नजर." ऐकणं हा त्यांचा खरा धंदा होता. कंपनीत असतानाच त्यांनी मोबाईलवर यंत्रांचे आवाज टिपायला सुरुवात केली होती. नवीन लोकांना शिकवायला म्हणून. कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, स्पिंडल, सगळ्यांचे. नावंही त्यांनीच दिलेली, 'लाइन तीनचा गिअरबॉक्स, मरायच्या आठ दिवस आधी' अशी. रिटायर झाल्यावरही लहान वर्कशॉपवाले त्यांना बोलावून नेत आणि भाऊ येताना नवे आवाज घेऊन येत. मोबाईल सारखा भरायचा. तेव्हा मीच त्यांना घरच्या नेटवर्कला जोडायचा स्टोरेजचा डबा घेऊन दिला. बुटाच्या खोक्याएवढा, आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच ते साठवलेलं, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. मागे डिस्क थंड ठेवणारा तळहाताएवढा पंखा. "आता हे कायमचं राहील, भाऊ," असं मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी तो पंखा घरघरायला लागला. मी मोबाईलवर डिस्कचं तापमान दाखवलं, सगळं ठीक होतं. भाऊ म्हणाले, "तुमी मोबाईलात बघायलाव, मी कानानं ऐकायलोय. ह्याचं बेअरिंग सुकलंय." त्यांनी पंखा काढला, मधला स्टिकर उचकटला, बारीक मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, पुसला आणि परत बसवला. आवाज गेला. पण ते स्वतःच म्हणाले की हे दोन दिवसांचं औषध आहे, पंखा बदला. तसंच झालं, दोन दिवसांत घरघर परत सुरू झाली. मग मी कमी आवाजाचा म्हणून मिळतो तसला नवा पंखा मागवला. रविवारी बसवायला गेलो. भाऊ बाजारात गेले होते. त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं, पण मला एका लग्नाला जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर एवढ्याशा कामाला फिटर कशाला, असंही वाटलं. चार स्क्रू लावले, वायर जोडली, चालू केलं. डबा लगेच पिकपिक करायला लागला. नवा पंखा हळू फिरतो म्हणून ओरडत असेल असं मी ठरवलं आणि मोबाईलवरून इशाऱ्याचा आवाज बंद करून टाकला. वहिनींना म्हणालो, "झालं, बघा कसा शांत झाला."

शांत झाला होता खरा. उन्हाळ्यात एक डिस्क गेली. आवाज बंद असल्यामुळे कोणाला कळलंच नाही. काही दिवसांनी दुसरीही गेली, आणि तिच्याबरोबर भाऊंनी साठवलेले सगळे आवाज गेले. मी जाऊन डबा उघडला आणि पंख्याच्या कडेवरचा छोटासा बाण पाहिला. वारा कुठल्या बाजूला जाणार ते दाखवणारा. मी पंखा उलटा बसवला होता. आतली गरम हवा बाहेर फेकायची, तर तो टीव्हीच्या कपाटातली कोंडलेली हवा डिस्कवर मारत बसला होता. डिस्क चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. भाऊ दारात उभे होते. चेहरा उतरलेला. म्हणाले, "अविनाशराव... माझं तेल उतरलं का हो डिस्कवर?"

त्या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर होतं. ज्या पंख्यात त्यांनी तेल घातलं तो तर कधीच कचऱ्यात गेला होता, आणि एका थेंबानं असलं काही होत नसतं. मी म्हणालो, "तसं... होऊ शकतं." आणि ते वहिनींना सांगायला आत वळले तेवढ्यात मी पंखा सरळ करून टाकला. माझ्या हातून झालेली चूक घाईतली होती, ती मी कदाचित विसरलोही असतो. पण पंखा सरळ करताना मला कसलीही घाई नव्हती. अतिशय नीट, चारही स्क्रू घट्ट आवळून मी तो बसवला.

त्यानंतर भाऊंनी कुठल्या यंत्राला हात लावला नाही. वर्कशॉपवाल्यांना परत पाठवायचे. साठवलेले आवाज गेल्याचं दुःख होतंच, पण जास्त लागलं ते हे, की आपला अंदाज चुकला, आपल्याच हातानं घात केला. मी रोज समोरचं दार उघडताना ठरवायचो की आज सांगू. दीड वर्ष मी असं ठरवत राहिलो.

तेराव्यानंतर कंपनीतले लोक वहिनींना भेटायला आले होते. त्यांच्यात सचिन होता, भाऊंच्या हाताखाली शिकलेला, आता तिथला सुपरवायझर. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचे भाऊ लई मोठ्या मनाचे, राव. स्वतःची चूक लपवली नाही. मुद्दाम कंपनीत येऊन पोरांना सांगून गेले, 'माझ्या एका थेंबानं माझं सगळं गेलं, विचारल्याशिवाय कशात तेल घालू नका.' अजून सांगतो आम्ही ते ट्रेनिंगला." लोकांनी माना डोलावल्या. चहा फिरला, मीही घेतला. म्हणजे न केलेली चूक त्यांनी चाकणपर्यंत जाऊन कबूल केली होती, आणि ज्यानं केली तो शेजारी बसून चहा पीत होता. घरी आलो आणि कळलं की आता गप्प बसलो तर भाऊंच्या नावामागे हीच गोष्ट लागून राहील.

दोन दिवसांनी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. हातातली जुडी संपवून म्हणाल्या, "जेवताना हाताकडं बघत बसायचे ओ. मी म्हनायचे, जेवा की, काय बघायलाव?" मी माफी मागितली. "मला मागून काय करता? मी काय फिटर हाय का? कंपनीत ज्या पोरांना ते खोटं सांगून गेले त्यांना सांगा." त्यांनी स्वतःच सचिनला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मेथीच्या ढिगाशेजारी ठेवला.

मी सांगितलं. बाण, पिकपिक, बंद केलेला आवाज, सरळ केलेला पंखा, सगळं. पलीकडे शॉपफ्लोअरचा गलका ऐकू येत होता. सचिननं एकच विचारलं, "म्हणजे भाऊंनी तेल बरोबर घातलं होतं?"

"बरोबर घातलं होतं. बेअरिंग सुकलंय हेही बरोबर होतं."

"मग ट्रेनिंगला आता काय सांगायचं, साहेब? पोरांना तोंडपाठ झालंय ते."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "ह्या अविनाशरावांचं नाव घालून सांग." मीही तेच म्हणालो, "माझं पूर्ण नाव लिहून घे, सचिन." आणि वहिनींसमोर ते सावकाश सांगितलं.