चंद्र सोडून फरशीकडे वळलेली दुर्बीण

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या भालेराव काकांनी नवी दुर्बीण कॉम्प्युटरला जोडली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून रिटायर झालेला माणूस. हौसेने सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर चंद्रावर क्लिक केलं. चंद्र डोक्यावर, आणि दुर्बीण घरघरत फरशीकडे वळली!

मी म्हणालो, "काका, चंद्र खाली सांडला का? तुम्ही आपला बॉयलरच बरा!" सगळे खदाखदा हसले. काकूसुद्धा.

काका खाली मान घालून म्हणाले, "मला नाही जमायचं रे. तूच घेऊन जा."

वायर काढताना स्क्रीनवर दिसलं, आमच्या नाशिकच्या रेखांशापुढे पूर्वेऐवजी पश्चिम; म्हणजे दुर्बीण स्वतःला पृथ्वीच्या पलीकडे समजून पायाखाली चंद्र शोधत होती. रविवारी काकांच्या कॉम्प्युटरमध्ये ती माहिती मीच भरून दिली होती.

मी गुपचूप कॉम्प्युटर बंद केला.

आत्ता माझ्या गच्चीवरून त्याच दुर्बिणीतून चंद्र काय झकास दिसतोय! खरं सांगा, तुम्ही बोलला असता?