घोडीची पसंती

कंधारला चहाच्या टपरीवर भेटणारे हे मामा लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा, अंगाला वेटोळं घालणारा पितळी भोंगा वाजवतात. शर्टाच्या खिशात त्याचे तीन माऊथपीस असतात. चहा येईपर्यंत ते आळीपाळीनं ओठांना लावून नुसतेच फुरफुरवतात. चांगला कोणता, असं विचारलं की म्हणतात, "ते घोडी ठरवती, गुरुजी. मी तिच्या मागंच चालतो की."

माझ्या पुतण्याच्या मिरवणुकीत त्यांनी पहिला माऊथपीस लावला, तर नवरदेवासकट घोडी उधळता उधळता राहिली. दुसऱ्याला तिनं लाथ झाडली. तिसऱ्याला ती खालीच बसायला लागली. मामांनी तिन्ही खिशात टाकले आणि मारुतीच्या देवळापर्यंत भोंग्याच्या उघड्या नळीला नुसतं तोंड लावून, आवाज न काढता गाल फुगवत, मान डोलवत चालत राहिले. घोडी गुणानं चालली. व्याह्यांनी खूश होऊन सगळ्या बँडमधून मामांनाच फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी विचारलं, "मामा, मग शेवटी घोडीनं कोणता पसंत केला?"

त्यांनी रिकामा तळहात पुढं केला.

"ह्यो. तुमचे व्याही म्हणत्यात, मुरुडला धाकटीच्या लग्नाला बी ह्योच आणा."