पोकळीत गोळाभात

माझ्या प्रदर्शनाचं नाव मी ‘पोकळी’ ठेवलं, तेव्हाच आईनं तोंड वाकडं केलं होतं. नाव अशुभ वाटतं म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

कोरियातल्या एका खेड्यात मी तुतीच्या सालीपासून कागद करायला शिकले होते. शिकवणाऱ्या बाई वयस्क, हात लोखंडाचे. कागद जमला तरी गप्प, बिघडला तरी गप्प. त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘छान’ ऐकायचं, एवढ्याचसाठी मी त्यांना वर्ध्याला बोलावलं होतं. बाकीचे समीक्षक गेले चुलीत.

कल्पना साधी होती. गल्लीतल्या घराघरांतून स्टीलचे गंज म्हणजे पातेली, गडवे, डबे मागून आणले, सगळ्यांवर घरमालकिणींची नावं कोरलेली. त्यांना आतून तिकडचा कागद चिकटवला आणि भाड्याच्या हॉलमध्ये छताला दोऱ्यांनी टांगले. भांडं इथलं, कागद तिथला, मधे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेबद्दल मी भिंतीवर अर्धं पान लिहून लावलं होतं. ते मलाही धड कळत नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी बाईंना आणायला मी नागपूरच्या विमानतळावर निघाले. राखणीला आईला बसवलं.

“आई, कशालेच हात नको लावजो.”

“काऊन लावू? एक गंज तर माह्याच घरचा हाय,” ती फुगून म्हणाली, “पण नाई लावत.”

दुपारी बाईंना घेऊन परतले तर दारातच फोडणीचा वास. आत गल्लीतल्या बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून ओळीनं उभ्या. आणि जिकडे बघावं तिकडे माझी पोकळी भरलेली! कशात चिवडा, कशात शेव, कशात बोरं. एका गंजात चक्क बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात, वरून फोडणीचं तेल. माझा कागद भज्यांखालच्या रद्दीसारखा पिवळा झाला होता. वजनानं एक गडवा लोंबत गुडघ्यापर्यंत आला होता.

“हे काय करून ठेवलं?” मी ओरडले.

“काऊन वं?” समोरच्या घरच्या काकू माझ्यावरच उखडल्या. “भांड्यावर माहं नाव हाय. शेजारी वाटी पाठवतानी कोणी रिकामी पाठवते का? अन् तू पाहुणीसमोर रिकामा गंज लटकवतं! सकाळी पाह्यलं तं मले लाजच वाटली.”

मी आईकडे पाहिलं. “मी नाई लावला हात,” ती म्हणाली. “त्या भरून राह्यल्या होत्या, मी पाहून राह्यली होती.”

मला रडू येत होतं आणि रागही. बाई मात्र एकेका भांड्यापाशी थांबत चालल्या होत्या. वाकून बघत, चिमूटभर उचलून खात. नेहमीसारख्या गप्प.

कोपऱ्यात आमच्या घरचा गंज होता. तो तेवढा कोरा, कागद जसाच्या तसा, अगदी माझ्या मनातला. बाईंनी आत हात घालून पाहिला आणि मला त्यांच्या भाषेत विचारलं, “हा एकच अपुरा का राहिला?”

“काय म्हणते ते बाई?” आईनं विचारलं. मी सांगितलं.

आईनं खुर्चीखालून पिशवी काढली. पिशवीत डबा, डब्यात रव्याचे लाडू. म्हणजे ती सकाळपासून ते जवळ घेऊन बसली होती, आणि मी हात लावू नको म्हटलं म्हणून बसूनच राहिली होती. मला माझीच लाज वाटली.

“भर ना, आई,” मी म्हणाले.

“भरू? मंग वरडशीन नाई ना?”

तिनं एकेक लाडू जपून ठेवला. बाईंनी त्यातला एक उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि भरल्या तोंडानं त्यांच्या भाषेत म्हणाल्या, “छान.”

आईकडे बघून.

“आता काय म्हणे?” आईनं मला विचारलं.

ज्या शब्दासाठी मी एवढा खटाटोप मांडला होता, त्याचं भाषांतर करून मी तो आईच्या हवाली केला.