वामनच्या डोंगरातली जनावरं

जंगलखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गोचिडांसारखे ते अंगाला चिकटून घरी येतात, आणि मग जेवताना एकेक काढत बसावं लागतं. माझ्या सासूबाई ओरडतात, "सुनंदा, ताटावर बसून जनावरांचं बोलू नकोस!" आणि हात धुऊन झाले की स्वतःच विचारतात, "हं, मग पुढं काय झालं?"

तर ऐका. मी मुरबाड तालुक्यात, धसईच्या वरच्या अंगाला वनरक्षक आहे. आमची चौकडी ठरलेली. वनपाल भोईर साहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ. बिबट्याला न घाबरणारा आणि पालीला बघून खुर्चीवर चढणारा माणूस! दीपक जीपचा ड्रायव्हर, राहतो वाशिंदला, जंगलातसुद्धा गॉगल लावतो. वामन वनमजूर, डोंगराखालच्याच पाड्यातला. आणि चौथी मी, जिला तोंड आवरत नाही असं बाकीच्या तिघांचं मत आहे.

*

पहिला किस्सा पावलांचा.

पावसाळा सरत आला होता. सकाळी आम्ही चौघं डोंगराच्या वाटेनं वर गेलो, गस्त घातली, भाकरी खाल्ली आणि दुपारी त्याच वाटेनं खाली यायला निघालो. माती ओली होती, त्यामुळे सकाळचे आमचे बूट तिच्यात छान उमटले होते. दीपकचे नवे स्पोर्ट्स शूज तर डिझाइनसकट!

आणि दीपकच्या शूजच्या प्रत्येक ठशावर एक पंजा उमटलेला. तोंड डोंगराकडे, आम्ही वर गेलो त्याच दिशेनं.

दीपकचा गॉगल डोक्यावर गेला. "साहेब, म्हणजे हा बिबट्या सकाळी आपल्या मागून चालत होता?"

साहेब खाली वाकले, बोटांनी माप घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "होता नाही. होती. बोटं लांबट आहेत, मादी आहे."

"मादी असली तर बरं की वाईट?"

"लग्न झालंय ना तुझं?" मी म्हटलं. "मग मला काय विचारतोस!"

हसत हसत आम्ही खाली उतरत राहिलो. बिबट्या माणसाच्या मागून असा पुष्कळदा चालतो. खायला नव्हे, नुसतं बघायला. कोण आलं, कुठं चाललं, कधी जाणार. पाड्यातल्या म्हाताऱ्या खिडकीतून बघतात तसंच ते. त्याचा आवाज मात्र येत नाही, कारण नखं आत ओढलेली असतात आणि मागचा पाय तो बरोबर पुढच्या पावलाच्या ठशावर टाकतो.

असं मी दीपकला समजावत होते, तेवढ्यात पुढं चालणारा वामन थांबला.

"ताई, इथनं खाली आपल्या पावलांवर तिचं पाऊल नाय."

"मग काय झालं?"

"वर पावलं आहेत, ती आत्ता आपण बघत आलो. खाली नायत. म्हणजे ती वाटेवर आली ती इथनं. पण ही बघा, ही दुसरी पावलं. ही खाली येताहेत, आणि इथंच वाट सोडून गेलीत." त्यानं बोट लावलं. पंजाच्या ठशात पाणी अजून झिरपत होतं.

शेजारी कंबरभर गवत होतं. गवताकडे आम्ही कुणीच बघितलं नाही. सरळ गाडी गाठली.

*

दुसरा किस्सा हाडांचा. आणि इथं वामनचं सांगावंच लागेल.

वामनचे वडील गुराखी. सगळं आयुष्य डोंगरात गेलं. उतारवयात त्यांना विसरायला व्हायला लागलं. कधी दुसऱ्याच्या दारात जाऊन जेवायला मागायचे, तर कधी केव्हाच विकून टाकलेल्या म्हशीला हाका मारायचे. मागच्या की त्याच्या मागच्या पावसाळ्यात एका सकाळी काठी घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. सगळा पाडा शोधायला निघाला, आम्हीही होतो. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. काही सापडलं नाही. काठीसुद्धा नाही.

नातेवाईक म्हणाले, आता दिवस घाला, करून टाका. वामनच्या आईनं साफ सांगितलं, "आदी दाखवा. मग करते." त्या अजून कुंकू लावतात. हळदीकुंकवाला बायका त्यांना बोलवायचं की नाही या घोळात पडतात, आणि शेवटी बोलवतच नाहीत. वामनला ते फार लागतं. तो गस्तीला येतो खरा, पण त्याचे डोळे सगळा वेळ जमिनीवर असतात. तो काय शोधतो ते आम्हाला ठाऊक आहे, आणि ते आम्ही कधी बोलत नाही.

पूर्वी वर घिरट्या घालणारी गिधाडं बघून माणसं मेलेलं जनावर शोधायची. आता गिधाडंच दिसत नाहीत, त्यामुळे वर बघून काही कळायची सोय राहिलेली नाही.

तर एके दिवशी भर दुपारी कड्याखाली आम्हाला एक कपार सापडली. तोंडाशी हाडांचा ढीग! बरगड्या, मणके, शिंगाचे तुकडे, सगळं कुरतडून गुळगुळीत केलेलं. दीपक म्हणाला, "इथं राक्षस राहतो," आणि चार पावलं मागं गेला.

साहेबांनी आत बॅटरी मारली, एक काळंपांढरं पीस उचलावं तसा काटा उचलला. "साळिंदर! मांस खात नाही ते. कंद, मुळं, झाडाची साल. पण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला आणि अंगाला चुना मिळावा म्हणून हाडं कुरतडतं. रानभर फिरून एकेक गोळा करून आणतं."

"रानभर?" वामननं विचारलं.

साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी काटा खाली ठेवला.

वामन खाली बसला. एकेक हाड उचलायचा, उन्हाकडे धरायचा, बघायचा आणि बाजूला ठेवायचा. "हे बैलाचं. हे शेळीचं. हे... हे भेकराचं." आम्ही तिघं उभे. सगळी जनावरांचीच निघाली. मग वामननं हात धुतले आणि डबा उघडला.

*

तोंडाची चव बदलायला तिसरा, वाशिंदचा. ही केस आमची नव्हेच. पण दीपकच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक बंद फ्लॅट होता आणि त्यातून कुणीतरी घोरल्याचा आवाज यायचा. मालक बाहेरगावी. शेजारच्या काकूंनी दारावरून लिंबू उतरवलं, नारळ उतरवला, घोरणं चालूच! शेवटी दीपक रविवारी आम्हालाच घेऊन गेला.

मालकाकडून चावी मागवून कुलूप काढलं. आत धुळीचा वास आणि समोरून "श्श्श... खर्रर्र... श्श्श..."

बाथरूमच्या माळ्यावर पाच पांढरे चेहरे एका रांगेत बसलेले, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे, बिनभुवयांचे. साहेब डावीकडे सरकले, पाचही चेहरे डावीकडे वळले. साहेब उजवीकडे गेले, पाचही उजवीकडे! गव्हाणी घुबडाची पिल्लं. घुबडाचा डोळा खोबणीत फिरत नाही, म्हणून ते सगळी मानच फिरवतं. आणि भूक लागली की पिल्लं घोरल्यासारखी, फुत्कारल्यासारखी ओरडतात. मोठी होऊन उडेपर्यंत खिडकी उघडी ठेवा, उंदरांच्या औषधाचा खर्च वाचेल, असं साहेबांनी काकूंना व्यवस्थित समजावलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग म्हणाल्या, "घोरण्याचं कळलं हो साहेब. पण मग संध्याकाळी माझी बेल वाजवून या बंद फ्लॅटमध्ये पळतं ते कोण?"

दीपक म्हणाला, "काकू, आमचं खातं पक्ष्यांपुरतं!" आणि आम्ही जिना उतरलो. त्यानंतर त्यानं फ्लॅट बदलला. कारण विचारलं तर म्हणतो, पार्किंग लांब पडत होतं.

*

चौथा मी घरी सांगितला तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या.

आमच्या चौकीजवळ काळतोंड्या वानरांची टोळी असते. त्यातली एक मादी पिल्लू छातीशी धरून फिरायची. जवळ आली तेव्हा कळलं, पिल्लू मेलेलं होतं. ऊन लागून त्याचं कातडं नुसतं वाळून गेलं होतं. तरी ती त्याचे केस विंचरायची, माश्या हाकलायची. उडी मारताना एका हातानं त्याला सावरायची. वानरांच्या आया असं करतात, कधी कधी फार दिवस.

दीपकला ते बघवेना. "ताई, आपण काढून पुरू या ना! वास येतो." तो काठी घेऊन निघाला. सगळी टोळी झाडावरून खाली आली आणि त्याच्याकडे बघत बसली. दात नाही दाखवले, आवाज नाही केला. नुसती बसली.

वामन म्हणाला, "राहू दे रे. तिचं ती ठेवील खाली. दुसऱ्यानं सांगून व्हत नाय ते."

तो वानरांबद्दल बोलत होता, एवढंच मी तेव्हा धरून चालले. मग एका सकाळी ती मोकळ्या हातांनी आली. पिल्लू कुठं ठेवलं ते आम्ही शोधलं नाही.

*

आणि हा परवाचा. हा मी सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

डोंगराच्या मागच्या अंगाला एक घळ आहे. दोन्हीकडे कडा, तळाला दाट कारवी, गुरं तिथं कधी उतरत नाहीत. वामनच्या वडिलांना शोधलं त्या पावसात आम्ही ती वरूनच हाका मारून बघितली होती, उतरायची वाट कोसळली होती. यंदा वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत साफ करून जाळपट्टी काढायला आम्ही तिच्या काठाशी गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं.

खालून शीळ आली. लांब, मग एक छोटा झटका, आणि शेवटी हवा निसटल्यासारखी तुटलेली.

वामनच्या हातातला कोयता खाली पडला. "बाबा!" तो असा ओरडला की समोरच्या कड्यावरून आवाज परत आला. "ताई, बाबाच! पुढचा दात पडल्यापासून त्यांची अशीच तुटते!"

साहेबांनी त्याचा दंड धरून ठेवला, नाहीतर तो तसाच खाली गेला असता. पुन्हा शीळ. या वेळी आमच्या डोक्याच्या उंचीवर, घळीतून वर आलेल्या झाडाच्या शेंड्यातून. काळाभोर पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसाचे झुपके.

"भृंगराज," साहेब हळूच म्हणाले. "नकला करतो. ऐक."

त्यानं शिकारी शिक्र्याची किंकाळी काढली. मग सातभाईंची कलकल. मग मांजर. आणि मग पुन्हा ती शीळ.

वामन खाली बसून ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आवाज त्यांचाच आहे साहेब. पण गुरांना घालायचे ती ही नाय. ही मला नाय ठाऊक." त्यानं मोबाइलवर ती टेप केली.

मी म्हटलं होतं, आईला ऐकवू नकोस. त्यानं ऐकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनची आई, आमच्या मावशी, चौकीच्या दारात उभ्या, हातात काठी, पदर खोचलेला. "मला ने गो तिथं."

कसंबसं आम्ही त्यांना चढवून घळीच्या काठावर नेलं. साहेबांनी टोपी काढून हातात धरली होती. दीपकनं त्या दिवशी गॉगल लावला नव्हता. आम्ही वाट बघत बसलो. मग झाडातून शीळ आली. लांब, झटका, आणि तुटलेली.

मावशींनी डोळे मिटले. "ही गुरांची नाय," त्या म्हणाल्या. "ही माझी हाय."

वामन बघतच राहिला.

"आमच्या येळेला नवरा बायकोचं नाव घेत नव्हता रं. चारचौघांत हाक कशी मारनार? लगीन झाल्यापास्नं शेतातनं अशीच शीळ घालायचे. म्हंजे पानी घेऊन ये. तू व्हायच्या आदीपास्नं. घरात म्हातारी व्हती तवा लई लाज वाटायची मला." त्या जराशा हसल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुमी शिकलेली मानसं. ते पाखरू येकदा ऐकून शिकतं का गो?"

खोटं बोलावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. साहेब दुसरीकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही मावशी. पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय नाही शिकत."

खालून, कारवीतून, पुन्हा शीळ आली. झाडातला पक्षी आमच्या डोळ्यांसमोर फांदीवर बसलेला होता. त्याची चोच मिटलेली होती.

मावशी काठी टेकत कड्याच्या टोकाशी गेल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घळीत वाकून ओरडल्या,

"आले वो! आले!"

शीळ थांबली.