अभ्यास सोडण्याचं कारण
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा गंगापूर रोडवरच्या बुटांच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि ती मुलगी आठवली. बुटात मऊ सोल घातले तर धावणाऱ्यांच्या पायाच्या दुखापती टळतात का, यावर तेव्हा माझं संशोधन चालू होतं. कॉलेजात शिकणारी, सुरगाण्याकडची ती मुलगी त्यात होती. तोवर अनवाणीच पळालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दवाने ओल्या मैदानातून ती लंगडत माझ्यापाशी आली. "सर, इथं हाडात लय दुखतंय. अनवाणी पळायची तवा असं नव्हतं." "सवय होईल गं," मी म्हणालो, कारण मधेच कुणी गळालं की माझे आकडे बिघडत होते. चारच दिवसांत पळताना तिच्या पावलाचं हाड मोडलं आणि भरती हुकली. भेटायला गेलो, तर तीच ओशाळून म्हणाली, "तुमच्या सोलचा काय दोष, सर? माझंच पाय कच्चं निघालं." मी होकारार्थी मान हलवली. परत येऊन संशोधनाच्या तिच्या फॉर्मवर अभ्यास सोडण्याचं कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. सोलमुळे कुणालाही इजा झाली नाही, असं माझ्या शोधनिबंधात छापून आलं, आणि तो वाचून डॉक्टर आजही ते सोल लिहून देतात. माझी पन्नाशी उलटली. ते छापलेलं खोटं मागे घेणं बाकी आहे, आणि त्याआधी तिला जाऊन सांगणं की तिचे पाय कच्चे नव्हते.