एक फाइल जास्त

घरात भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायला उठणारा माणूस मी. देवासला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो. नवरात्रात अंगात आलेल्या बायका दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी मी बायकोला, स्वातीला, सांगतो की हे सगळं उपाशीपोटी होतं. पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो. मशीन चुकलं तर कुठेतरी माणूस चुकलेला असतो, एवढी एकच श्रद्धा आजवर बाळगली. तेव्हा पुढचं वाचून कोणाला हसू आलं तर माझी हरकत नाही... मीही हसलो असतो.

कॉलेजात असताना मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं 'ने-आण'. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि फाइली इकडच्या तिकडे न्यायच्या, बस्स. इंटरनेटवर फुकट ठेवला आणि कुठकुठले लोक तो वापरायला लागले. कोणी चुका कळवायचे, कोणी नवीन सोयी मागायचे, मी सवडीने नवं व्हर्जन काढायचो. या सगळ्या लोकांत चेहऱ्याने ओळखीचं असं एकच माणूस होतं — माझी धारची कुसुमआत्या.

आत्या धारच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यानंतर शाळेत जाईपर्यंत मला आत्यानेच सांभाळलं. म्हातारपणी तिचा उजवा हात थरथरायला लागला. माउसचा बाण काही केल्या जागेवर ठरायचा नाही, पण टायपिंग मात्र डाव्या हाताने एका बोटानं का होईना, व्यवस्थित चालायचं. म्हणून मी तिला 'ने-आण' बसवून दिलं. "हे बरं आहे हो," ती म्हणाली होती. "एकदा सांगितलं की ऐकतं. तुझ्यापेक्षा गुणी आहे."

तिला ते हवं होतं एका कामासाठी. आमच्या इकडच्या मराठी घरांतली मुलं हिंदी शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलतात, तीही निम्मी हिंदीत भिजवून. पोथी पुढ्यात ठेवली की दुसऱ्या ओळीला अडतात. आत्याने त्यावर तोडगा काढला. "वाचता येत नाही ना लेकरांना? ऐकता तर येतं." महालक्ष्म्यांची कहाणी, बोडण कसं भरायचं, नवरात्राचा घट कसा बसवायचा, हे सगळं तिनं तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत फोनवर रेकॉर्ड केलं. मग एकेक फाइल 'ने-आण'ने कम्प्युटरवर, 'ठेवणीतलं' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची.

एका दुपारी तिचा फोन आला.

"शिरू, तुझ्या प्रोग्रामात एक खोट आहे बघ. मी फोनमधली एक फाइल पेन ड्राइव्हवर हलवली. आता ती इकडेही नाही अन् तिकडेही नाही."

"काही लाल अक्षरांत आलं होतं का?"

"काही नाही. 'झालं' म्हणाला."

मला अर्ध्या मिनिटात कळलं. 'हलव' म्हटलं की प्रोग्राम आधी नक्कल करतो आणि मग मूळ फाइल पुसतो. ज्या पेन ड्राइव्हवर ती नेत होती तो भरलेला असणार. नक्कल पूर्ण उतरली की नाही हे न तपासताच माझ्या प्रोग्रामने मूळ पुसलं होतं. चूक माझीच होती, आणि चांगली ढळढळीत होती.

"महत्त्वाची होती का गं?"

"होती एक. अशी गेलेली परत येते का रे?"

"आत्या, म्हणून तर बॅकअप ठेवायचा असतो. कितीदा सांगितलंय तुला."

"हो रे, चुकलंच माझं. पण तू ते नीट कर हो. दुसऱ्या कोणाचं असं व्हायला नको."

हे लिहिताना लाज वाटते. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच असते आणि बऱ्याचदा परत काढता येते. हे मला तेव्हाही माहीत होतं. "फोनला हात लावू नकोस, मी येतो," एवढं म्हणायचं आणि इंदूरवरून पुढची गाडी धरायची. देवासहून धार काही काशी-रामेश्वर नाही. पण त्या आठवड्यात मी नवीन व्हर्जन काढत होतो. त्यात काम किती झालं हे दाखवणारी रंगीत पट्टी होती आणि लोक तिची वाट बघत होते. नवीन सोय दिली की चार लोक वाहवा करतात. चूक दुरुस्त केली तर कोणी विचारत नाही.

त्यानंतर दर रविवारच्या फोनमध्ये तिचा एक प्रश्न ठरलेला. "झालं का रे ते?"

"पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की, आत्या."

"वाण्याच्या दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार? तसलं तुझं पुढचं व्हर्जन," असं म्हणून ती हसायची. मीही हसायचो. अशी चार व्हर्जनं गेली. कोणती फाइल गेली हे मी एकदाही विचारलं नाही.

मागच्या थंडीत आत्या गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून आत आली, खुर्चीवर बसली, आणि संपलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, आम्ही सगळे धारला तिच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. उन्हं पार टेबलापर्यंत आली होती. आत्याचा मुलगा मंदार चार कोरे पेन ड्राइव्ह घेऊन आला.

"दादा, मम्मीच्या रेकॉर्डिंग सबको दे दो ना. चारी घरांना एक-एक."

मी आत्याच्याच कम्प्युटरवर बसलो. पहिला पेन ड्राइव्ह लावला आणि हुकूम दिला. रंगीत पट्टी सरकली, खाली अक्षरं आली — '४१ पैकी ४१. झालं.'

"चाळीसच तर आहेत," मंदार म्हणाला. त्याने फोल्डर उघडून बोट ठेवून मोजल्या. चाळीस. पेन ड्राइव्हवर मोजल्या, तिथेही चाळीस.

दुसरा लावला. पुन्हा एक्केचाळीस. या वेळी मी नीट बघत होतो. चाळीस फाइली भराभर गेल्या. मग पट्टी जरा थांबली, पेन ड्राइव्हचा दिवा आठ-दहा सेकंद लुकलुकत राहिला, आणि मग 'झालं' आलं. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. प्रोग्राम आपल्या कामाची नोंद एका लॉगमध्ये लिहितो, तो उघडला. चाळीस ओळींत चाळीस नावं. एक्केचाळिसाव्या ओळीत नावाच्या जागी काहीच नाही... फक्त आकार. सत्तेचाळीस लाखांच्या घरातला एक आकडा, शेवटी सहाशे सोळा.

"तुझा प्रोग्राम एक्स्ट्रा दे रिया है, भिया," मंदार म्हणाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोलीत सगळे हसले.

मोजणीत एकाची चूक ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक. दुसऱ्या एका फोल्डरवर चालवून पाहिलं, तिथे मोजणी बरोबर आली. आणखी एकावर, तिथेही बरोबर. फक्त 'ठेवणीतलं'वरच एक जास्त. इथे मी थांबायला हवं होतं. कोणत्याही शिकाऊ पोराला मी हेच सांगतो — कारण कळल्याशिवाय चुकीला हात लावायचा नाही. पण सगळे बघत होते. मी माझा लॅपटॉप काढला, बिननावाची नोंद दिसली तर ती सोडून द्यायची अशी ओळ घातली आणि नवा प्रोग्राम आत्याच्या कम्प्युटरवर टाकला. वीस मिनिटांत काम झालं.

मग मला वाटलं, अर्धवट काही राहायला नको. चारही पेन ड्राइव्ह साफ पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून भरले. '४० पैकी ४०. झालं.' मंदारने पाठ थोपटली. तिथूनच मी नवं व्हर्जन इंटरनेटवर चढवलं आणि त्याच्या टिपणीत लिहिलं: 'दुरुस्ती — कधीकधी एक फाइल जास्त मोजली जात होती.' आत्याने सांगितलेली दुरुस्ती त्याही व्हर्जनमध्ये नव्हती.

महिन्याभरानं मंदार कामानिमित्त देवासला आला आणि जेवायला घरी थांबला. पिशवीतून त्याने एक लांबट, खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. शाळेतलं, हजेरीचं.

"हे तू ठेव, दादा. मेरेसे मम्मीचं अक्षर इतना नहीं पढा जाता. तुझंच काहीतरी आहे ह्यात, फाइल-वाइल."

आत्याने प्रत्येक फाइलीला हजेरीचा क्रमांक दिला होता. क्रमांक, नाव, आकार आणि पुढे महिन्यांचे रकाने. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती फोल्डर उघडून सगळ्यांची हजेरी घेत असणार. चाळीस ओळींत 'ह, ह, ह' असं सरळ रेषेत चाललेलं होतं.

एक्केचाळिसावी ओळ अशी होती: 'जिवतीची कहाणी — वहिनीच्या आवाजात.' पुढे सगळ्या रकान्यांत 'गै'. गैरहजर.

आत्याची वहिनी म्हणजे माझी आई.

खाली बारीक अक्षरात टिपण होतं. एका श्रावणातल्या शुक्रवारी आईने सांगितलेली कहाणी कोणीतरी कॅसेटवर घेतली होती, मध्येमध्ये माझी बडबडही होती. ट्रंकेच्या तळाशी ती कॅसेट आत्याला सापडली. एकदाच वाजली, तेवढ्यात फोनवर उतरवून घेतली, आणि मग फीत गुंतून तुटली. माझ्यासाठी घेतलेल्या पेन ड्राइव्हवर तिनं आधी बाकीच्या चाळीस भरल्या होत्या, आणि शेवटी ही फोनमधून हलवली. 'गेली. शिरूला सांगू नये. त्याच्याच हातची वस्तू आहे, त्याला लागेल.'

मंदार समोर भात कालवत होता. "क्या हुआ, दादा?" त्याने विचारलं. स्वातीने माझ्या हातातून रजिस्टर घेतलं, वाचलं आणि परत माझ्यापुढे उघडं ठेवलं.

मग माझी नजर आकाराच्या रकान्याकडे गेली. उठलो, लॅपटॉपमध्ये धारहून आणलेला लॉग उघडला आणि रजिस्टर शेजारी धरलं. सत्तेचाळीस लाखांच्या घरातला आकडा, शेवटी सहाशे सोळा. मधला एकही अंक वेगळा नव्हता.

माझ्या एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, पुसलेल्या फाइलीची तुटकी नोंद डिस्कवर राहिली असेल. मीही आधी तेच म्हटलं असतं. पण ती फाइल फोनमधून थेट पेन ड्राइव्हवर जात होती. 'ठेवणीतलं'मध्ये, त्या कम्प्युटरच्या डिस्कवर, ती कधी आलीच नव्हती. आणि तुटक्या नोंदीनं दिवा आठ-दहा सेकंद लुकलुकत नाही. काहीतरी उतरत होतं. चार वेळा उतरलं, आणि चारही वेळचं मी स्वतःच्या हाताने पुसलं. पहिल्यांदा माझ्या आळसानं आईचा आवाज गेला, दुसऱ्यांदा माझ्या तत्परतेनं.

चारही पेन ड्राइव्ह परत मागवले. पुसलेलं परत काढण्याची जितकी साधनं आहेत तितकी चालवली. चाळीस फाइली दोनदोनदा निघाल्या, दुसरं काही नाही. मग धारला जाऊन माझी ती दुरुस्ती काढून टाकली, आधीचं व्हर्जन त्याच कम्प्युटरवर, त्याच फोल्डरवर चालवलं. मंदार माझ्यामागे उभा होता. या वेळी त्याने काही विनोद केला नाही.

'४० पैकी ४०. झालं.'

आत्याने सांगितलेली दुरुस्ती शेवटी केली. एका दुपारचं काम होतं. आता 'ने-आण' नक्कल पूर्ण उतरली की नाही ते आधी तपासतं आणि मगच मूळ फाइलीला हात लावतं. इंटरनेटवर एकाने विचारलं, मोजणीची ती दुरुस्ती काढून का टाकलीत?

आईचा आवाज कसा होता, बारीक होता की भरदार, ती कहाणी घाईत सांगायची की थांबून थांबून, मला माहीत नाही. सांगू शकणारी आत्या होती, तिला मी बॅकअपवर भाषण दिलं. त्या सकाळी धारला जे झालं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण डिस्कवरची तुटकी नोंद सोडून सांगा.

आत्याचा कम्प्युटर आता माझ्याकडे देवासला आहे. रजिस्टरही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मी कोरा पेन ड्राइव्ह लावतो, हुकूम देतो, आणि पट्टी सरकून संपली तरी दिव्याकडे बघत बसतो. मग रजिस्टर उघडून चाळीस वेळा 'ह' लिहितो. एक्केचाळिसाव्या ओळीचा रकाना मात्र मी कोराच ठेवतो. तिथे 'गै' लिहायला हात होत नाही.