काढून टाकलेला हँडगिअर

गाडी बंद पडली की मी आधी प्लग बघतो, मग कार्बोरेटर. कुणाची नजर लागली का, हे माझ्या डोक्यातही येत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधतो तीसुद्धा आईला बरं वाटावं म्हणून. तेव्हा पुढचं वाचून ‘हा पण त्यातलाच निघाला’ म्हणू नका... मी अजूनही त्यातला नाही.

राहायला घोडपदेवला, चाळीत. जुन्या गाड्या उघडून परत उभ्या करायचा नाद कॉलेजपासूनचा. लग्नात बोहल्यावरसुद्धा माझ्या नखांत ग्रीस होतं, असं बायको चारचौघांत सांगते. सध्या आवारात उभी आहे ती फियाट मात्र वेगळी. बाबा गिरगावातल्या एका वकिलांकडे ड्रायव्हर होते – हीच गाडी चालवत. वकिलांच्या मुलाने ती आम्हाला देऊन टाकली, पण तोवर बाबांना पॅरालिसिस झाला होता. वाचा गेली, डावी बाजू गेली. डावा हात ठेवाल तिथे पडून राहायचा.

मला एकच हवं होतं – बाबांनी त्या गाडीत परत बसावं आणि जरा हसावं.

पत्रा ठोकला, रंग दिला, इंजिन उतरवून बांधलं. पण नुसत्या दुरुस्तीवर माझं समाधान होत नाही. या फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी होता – हँडगिअर म्हणतात त्याला. तो काढून मी दोन सीटच्या मध्ये, खाली फ्लोअरला नवा गिअर बसवला. महेश – माझा मित्र, सगळी कामं आम्ही दोघं करतो – तेव्हा म्हणाला होता, "अरे, बाबांना दाखवलंस का?"

"ते कुठे चालवणारेत आता," मी म्हटलं.

एका रविवारी सकाळी आम्ही बाबांना खुर्चीसकट खाली आणलं आणि ड्रायव्हर सीटवर बसवलं. मी शेजारी, आई त्यांच्या खिडकीशी, महेश उघड्या बॉनेटपाशी. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. मी हात लांबवून चावी फिरवली आणि बाबांना परत दोन्ही हातांनी धरलं. इंजिन लागलं... आणि बाबांचा डावा हात मांडीवरून उठला.

सरळ स्टेअरिंगपाशी गेला, जिथे आता काहीच नव्हतं. बोटं मिटली. हात हवेतच अंगाकडे ओढला गेला आणि खाली आला. त्याच क्षणी आमच्या मधला गिअर खट्ट करून पुढे पडला. गाडीने महेशच्या दिशेने हिसका दिला आणि बंद पडली. मी पाहिलं तर फर्स्ट गिअर पडलेला. माझे दोन्ही हात बाबांच्या खांद्यावर होते.

"हात हललो त्यांचो," आई म्हणाली. "मिया बघितलंय."

मी इतका घाबरलो, की आधी बाबांना बाहेर काढलं.

महेश म्हणतो, "तुझाच गुडघा लागला असेल रे." असेलही. पण क्लच न दाबता चालू गाडीचा गिअर टाकून बघा, आतले दात करकरतात. तसा आवाज मुळीच आला नाही. मी गिअरबॉक्स उघडला, त्यात काही दोष नव्हता. डॉक्टर म्हणाले, असा हात कधीकधी आपोआप उचलला जातो. हाताचं ठीक आहे... पण गिअरचं काय?

मग मी विचार केला – हात जे शोधत होता, ते त्याला देऊ. माळ्यावरच्या गोणीतून जुना हँडगिअर काढून जसाच्या तसा बसवला. खालचा नवा गिअर काढून फ्लोअरचं भोक पत्रा टाकून वेल्डिंगने बुजवलं. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, बाबांना बसवून चावी फिरवली.

काहीच झालं नाही. मी त्यांचा हात उचलून गिअरवर ठेवला. घसरून मांडीवर पडला. परत ठेवला, परत पडला. बाबा रडायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "पुरे कर आता."

त्या रविवारी काय झालं, ते आजही मला सांगता येत नाही. बाबा गॅलरीत बसून खालच्या गाडीकडे बघत असतात. रोज आंघोळ घालताना मी तो हात चोळतो, तो थंड असतो. ज्याला घाबरून बाबांना ओढून बाहेर काढलं, ते पुन्हा एकदा घडावं असं आता वाटतं... आणि हँडगिअर परत काढून फ्लोअरचा तो पत्रा कापायची माझी हिंमत होत नाही.